पास झालेलं पाणी

१

पुजाच्या बाळाचे ओठ जांभळासारखे निळे पडले होते. ज्या पाण्यामुळे ते तसे पडले असं डॉक्टर म्हणत होते, त्याच पाण्याला ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल मी माझ्या सहीने दिला होता.

मी सपना खिल्लारे. हिंगोलीतल्या एका छोट्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गावोगावच्या विहिरी, बोअर आणि हातपंपांचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं. आम्ही तपासतो आणि कागदावर योग्य किंवा अयोग्य लिहितो. काम कंटाळवाणं आहे असं माझ्या घरच्यांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं, त्या गुरुवारपर्यंत.

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "दोन महिन्यांचं बाळ आहे, मॅडम. आईला दूध कमी, म्हणून पावडरचं दूध पाजतात. रक्त काढलं तर चॉकलेटी निघालं. हे नायट्रेटचं काम आहे. इंजेक्शन दिलंय, बाळ वाचेल. शनिवारी मी त्याला घरी सोडणार. पण कोणत्या पाण्यावर सोडू, ते तुम्ही सांगा."

नायट्रेट शेणामुतातून, युरियातून जमिनीत मुरतं आणि खालच्या पाण्याला लागतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठी माणसं ते पाणी वर्षानुवर्षं पितात आणि त्यांना काही कळत नाही. तान्ह्या लेकराच्या रक्ताला मात्र प्राणवायू वाहून नेता येत नाही. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम ही हद्द.

मी दवाखान्यात गेले. पुजा कॉटवर बाळाकडे टक लावून बसली होती. बाहेर बाकावर तिची सासू धुरपताबाई. खडकी तांड्यावर तिला सगळे ‘याडी’ म्हणतात, म्हणजे आई. साठीची, काटक, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या पाच बायकांपैकी ती एक, त्यामुळे मला ओळखत होती.

"पाण्याचं न्हाई काही, बाई," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "पाणी तर पास झालेलं हाय. तुमचीच सही हाय. डागतर चुकून राहिले."

"बाळाला कोणतं पाणी देत होतात, याडी?"

"पंपाचं. नर्सबाई म्हनली, ओढ्याचं कच्चं पाणी देऊ नका, पंपाचं द्या आन् उकळून द्या. म्या नुसतं उकळत न्हाई. अर्धं आटेस्तोवर ठेवते चुलीवर. लेकराच्या बाबतीत आळस न्हाई केला म्या."

मी ते ऐकलं आणि काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

प्रयोगशाळेत येऊन नोंदवही काढली. खडकी तांडा, हातपंप, १९ एप्रिल. नायट्रेट नऊ. हद्दीच्या कितीतरी आत. मग दोन वर्षांपूर्वीचं पान उलटलं. तेव्हा त्याच पंपाचं नायट्रेट एक्केचाळीस होतं आणि पाण्यात विरघळलेले क्षार, ज्याला आम्ही टीडीएस म्हणतो, ते नऊशे ऐंशी. या एप्रिलमध्ये टीडीएस तीनशे दहा.

उन्हाळ्यात पाणी खोल जातं, आणि जेवढं खोल जाईल तेवढे आमच्याकडे क्षार वाढतात. वैशाखाच्या तोंडावर जड पाणी आपोआप गोड होत नसतं. एप्रिलमध्ये रोज साठ-साठ बाटल्या येत होत्या. मी आकडे उभे वाचले, हद्दीच्या आत आहेत की बाहेर एवढंच पाहिलं. आडवे वाचले असते, आधीच्या नोंदीशी ताडून पाहिले असते, तर त्याच दिवशी कळलं असतं.

त्या बाटलीतलं पाणी खडकी तांड्याच्या पंपाचं नव्हतंच.

२

आमच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. हे वाईट लक्षण.

"उद्या पंपाचं पाणी परत तपासा, वाईट निघेल. मग? एकाच पंपाचे दोन अहवाल, एक पास, एक नापास, आणि दोन्हींवर तुमची सही. तांड्याचे प्रमुख उत्तमसिंग नायक पहिला अहवाल भिंतीवर लावून बसलेत. पंपाला ‘पिऊ नका’चा लाल रंग लावायला माणूस गेला तर ते हाकलून देतील. लोक तेच पाणी पीत राहतील."

त्यांचं बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पहिला अहवाल खोटा कसा ठरला हे तांड्याला पटल्याशिवाय पंप बंद होणार नव्हता. आणि शनिवारी बाळ त्याच तांड्यावर परत जाणार होतं. शिवाय तांड्यावर दोघी पोटुश्या होत्या. माझ्याकडे दीड दिवस होता.

कोंडीबा मामा आमचे परिचर. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, आणि बाटल्या धुण्याचा कंटाळा मात्र नोकरीला लागल्यापासूनचा. मी रागातच विचारलं, "मामा, एप्रिलच्या बाटल्या धुतल्या का?"

"आज धुणारच होतो, मॅडम," ते घाबरून म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा मला त्यांच्या आळसाचा आनंद झाला. खडकीची बाटली मागच्या ढिगात सापडली. तळाशी बोटभर पाणी होतं आणि त्यात वाळू. अगदी बारीक, पिठासारखी. आमच्याकडचे हातपंप काळ्या पाषाणात दोन-दोनशे फूट खाली गेलेले. त्यातून पाण्याबरोबर लोखंडाचा गंज येतो, वाळू कधी येत नाही. गंजाचा तर बाटलीत कणसुद्धा नव्हता.

दुपारी सुदामला बोलावून घेतलं. सुदाम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, म्हणजे पाण्यात पावडर टाकणं, बाटल्या भरणं आणि आमच्याकडे पाठवणं हे त्याचं काम. पस्तिशीचा, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस.

"बाटली कोणी भरली, सुदाम?"

"म्याच भरली, मॅडम. तुमी शिकवलं तशी. आधी पाच मिन्टं पंप हापसला, लाल पाणी जाऊ दिलं, बाटली तीनदा इसळली, मंग भरली."

पाठ केलेल्या धड्यासारखं बोलला. मी फोन काढला. तालुक्यातल्या सगळ्या जलसुरक्षकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, त्यात मीही आहे. गुड मॉर्निंगच्या फुलांमधून वाट काढत एप्रिलपर्यंत गेले आणि फोन त्याच्यासमोर धरला.

१७ एप्रिल, सुदामचाच संदेश: ‘खडकी तांडा पंप बंद. साखळी तुटली. दुरुस्ती पथक पाठवा.’ आणि २१ एप्रिलला हापसतानाचा त्याचा स्वतःचा हसरा फोटो: ‘पंप चालू झाला.’

"बाटलीवर तारीख एकोणीस," मी म्हणाले. "बंद पंप तू पाच मिनिटं कसा हापसलास?"

सुदामचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपल्याच हाताने आपलाच पुरावा लिहून ठेवणारी माणसं मला आवडतात, काम सोपं करतात.

"नोकरी जाईल, मॅडम," तो म्हणाला.

"लेकरू गेलं असतं."

तो हळूच म्हणाला, "म्या तिकडं गेलोच न्हाई. बाटली म्या भरलीच न्हाई."

३

रिकामी बाटली सुदामने जारवाल्या विकासच्या टेम्पोत तांड्यावर पाठवली होती. ‘भरून ठेवा’ एवढाच निरोप. दुसऱ्या दिवशी भरलेली बाटली त्याच टेम्पोतून परत आली आणि पुढे आमच्याकडे.

विकासचा पुसेगावला थंड पाण्याच्या जारचा धंदा. शुक्रवारी सकाळी मी तिथे पोचले तेव्हा तो टेम्पोत जार चढवत होता. मला पाहताच त्याने हात जोडले.

"मॅडम, सुदामचा फोन आलता. आता सगळे माझ्याकडंच बोट दाखवतील. जारवाला हाय ना म्या."

"मग, बदललंस का पाणी?"

"काहून बदलू? पंपाचं पाणी खराब निघालं तर माझे जार जास्ती जातील. पास करून माझ्याच पोटावर पाय देऊ का?"

मुद्दा बिनतोड होता, पण माणूस हुशार असला की त्याच्या बिनतोड मुद्द्याचीच मला जास्त भीती वाटते. माझ्याजवळ पेनासारखं एक यंत्र असतं, पाण्यात बुडवलं की टीडीएसचा आकडा दाखवतं. ते त्याच्या जारमध्ये बुडवलं. बेचाळीस. मशीनमधून निघालेलं पाणी इतकं धुतलेलं असतं की त्यात काही उरतच नाही. बाटलीत तीनशे दहा होते आणि शिवाय वाळू. विकासच्या जारचं पाणी ते नव्हतं.

"बाटली तांड्यावर कुणाच्या हातून घेतलीस?"

"हातून न्हाई. नायकांच्या ओट्यावर ठेवलेली होती. तांड्याचं सगळं तिथंच ठेवतात, टपाल म्हना, रेशनचे कागद म्हना. उचलली आन् आणली."

खडकी तांडा पुसेगावपासून आत, माळावर. पन्नास-साठ घरं, मधोमध पंप. पंपापासून दहा पावलांवर एक भला मोठा उकिरडा, आणि त्याला लागून म्हशींचा गोठा. दोन्ही उत्तमसिंग नायकांचे. नायट्रेट कुठून येत होतं ते विचारायला ज्योतिषी नको होता.

पंप दोनशे वेळा हापसला, गंजाचं पाणी जाऊ दिलं आणि मग तपासणीच्या नळीत पाणी घेऊन पूड टाकली. नायट्रेट असलं की नळी गुलाबी होते. बघता बघता नळी जास्वंदीसारखी लाल झाली. शंभराच्या वर. पेन म्हणालं, बाराशे चाळीस.

भोवती बायका जमल्या होत्या. एकीने विचारलं, "हे चांगलं का वाईट, बाई?"

"वाईट. लहान लेकरांना हे देऊ नका."

"पण पास हाय ना," ती म्हणाली, आणि घागर भरून निघून गेली. मला साहेबांचा चष्मा आठवला.

नायकांच्या ओट्यावर गेले. उत्तमसिंग नायक, सत्तरीचे, मोठी पांढरी मिशी, आवाज खणखणीत. मागच्या भिंतीवर माझी सही प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेली.

"बसा, बाई. पाणी घ्या आधी."

"नायक, पंपाच्या शेजारी उकिरडा आहे. पाणी नापास झालं असतं तर तुम्हाला तो हलवावा लागला असता, आणि गोठाही. खरं ना?"

"व्हय. मंग?"

"एकोणीस एप्रिलला बाटली तुमच्या ओट्यावर होती. तिच्यात पंपाचं पाणी नव्हतं. पंप तर बंदच होता."

त्यांच्या मिशीला कापरं भरलं. "म्हंजी म्या बदललं, असं म्हनता? पुजाचं लेकरू माझ्या तांड्याचं लेकरू हाय, बाई! म्हशी घाला खड्ड्यात. तुमी सही केली, आमी इश्वास ठेवला, आन् आता तुमीच म्हनता खोटं. कोणत्या तोंडाला मानावं आमी?"

गोठ्याजवळ त्यांच्या स्वतःच्या बोअरचा हौद होता. येताना त्यात पेन बुडवलं होतं, आठशे सत्तर. मी चिडून, काहीतरी करायचं म्हणून, समोर ठेवलेल्या तांब्यातही पेन बुडवलं. मग पुसून परत एकदा बुडवलं.

तीनशे आठ.

४

"नायक, हे पाणी तुमच्या बोअरचं आहे?"

"न्हाई."

"विकासच्या जारचं?"

"ते म्या पीत न्हाई. त्याला चव न्हाई अन् धर्म न्हाई." नायक अजून रागातच होते. "पाहुण्याचं पाणी हाय ते. तांड्यात पाहुण्याला पंपाचं पाणी देत न्हाईत, खारं लागतं. ओढ्यात झिरा हाय, त्याचं देतात."

झिरा म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला खड्डा. त्यात खालून थेंब थेंब पाणी झिरपत राहतं. मी तांब्यातलं पाणी प्यायले. गोड होतं.

"कोण आणतं?"

"अर्धा कोस चालायचं, अर्धा तास बसायचं तवा एक हंडा. आता कोण जातंय? एकटी याडी जाती. सगळ्या घरात एकेक तांब्या तिच्याच हातचा." बोलता बोलता नायक थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "न्हाई, बाई. तिचा तर नातू हाय तो."

मलाही तेच वाटत होतं. ओढ्याकडे चालताना मी मनात सगळं पुन्हा लावून पाहिलं. ज्याला फसवायचं आहे तो मिळेल ते पाणी बाटलीत कोंबतो. सुदाम असता तर ग्रामपंचायतीच्या नळावर भरून मोकळा झाला असता. नायक असते तर घरातला तांब्या बाटलीत ओतला असता. पण पितळी तांब्यात पाणी ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं नितळ बाटलीत जातं. बाटलीत तर वाळू होती, म्हणजे ती थेट झिऱ्यावरच भरली. आणि वाळू पिठासारखी बारीक, एकही खडा नाही. म्हणजे भरताना कुणीतरी पाणी कापडातून गाळलं होतं, आणि तेही एकदा नाही. लबाडी करणारा माणूस पाणी गाळून भरत नाही. ही बाटली कुणीतरी मनापासून, मायेने भरली होती.

ऊन उतरत होतं. पात्राच्या मधोमध धुरपताबाई वाकून बसली होती. दुपारच्या गाडीने ती दवाखान्यातून परतली असावी. लुगड्याचा फाटका तुकडा चार पदरी करून तिने कळशीच्या तोंडाला लावला होता आणि वाटीवाटीने पाणी घालत होती.

"कुणासाठी, याडी?"

तिने वर पाहिलं. "डागतरासाठी. लेकरू वाचवलं त्यानं. रिकाम्या हातानं काहून जाऊ?"

मी वाळूत तिच्यासमोर बसले. "आणि एकोणीस तारखेला बाटली कुणासाठी भरली होती?"

तिचा हात वाटीसकट थांबला.

५

झिऱ्यात पाणी हळूहळू वर येत होतं.

मला तिची दया आली, हे मी कबूल करते. आणि दयेपोटी मी तिला एक वाट दाखवली. "पंप तर बंदच होता, याडी. बाटली आली, भरून ठेवा असा निरोप आला, दुसरं पाणी नव्हतं म्हणून तुम्ही झिऱ्याचं भरलं. असंच झालं ना? मी तसं लिहिते."

"न्हाई," ती म्हणाली. "तसं लिवू नका. पंप चालू असता तरी म्या झिऱ्याचंच भरलं असतं. मागच्या साली बी झिऱ्याचंच धाडणार होते, तवा बाटलीच आली न्हाई."

"का?"

"सरकारच्या घरी आमच्या तांड्याचं पाणी जाणार. खारं, गंजाचं कसं धाडू? दारात आलेल्याला देत न्हाई ते." मग खालच्या आवाजात, "आन् एवढंच न्हाई. पल्याडच्या तांड्यावर पंपाला लाल रंग लावला, तुमाला म्हाईत हाय. तवापासून तिथं पोरगी द्यायला कोणी तयार न्हाई. लोक म्हनतात, इखाचं पाणी पिणारं गाव. आमच्यात बारा पोरं लग्नाची हायत. म्या म्हनलं, पाणी जरा खारं हाय, त्यात काय, एवढे दिवस पितोच हाय. लेकरासाठी उकळून घेऊ. उकळल्यावर काय राहातंय त्यात?"

मी काही बोलले नाही. गुरुवारीही नव्हते बोलले. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. माणसांचे चेहरे वाचायची सवय तिला माझ्यापेक्षा जास्त होती.

"बाई, काहून गप झाल्या? उकळल्यानं जातं ना ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या आठवड्यात खोट्याचा हिशोब आधीच फार झाला होता.

"जंतू मरतात, याडी. नायट्रेट जात नाही. ते मिठासारखं असतं. पाणी आटलं की तेवढंच्या तेवढं मागे राहतं."

"म्हंजी अर्धं आटवलं तर..."

"दुप्पट होतं."

तिने वाटी वाळूवर ठेवली. रडली नाही. दोन्ही हात पालथे करून बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मला वाटलं आता ही इथेच कोसळेल. मी म्हणाले, "चूक माझीही आहे. तो आकडा मी नीट पाहिला असता तर त्याच दिवशी धरला असता. माझ्या जबाबात मी ते लिहिणार आहे." ते तिच्या कानावर गेलं की नाही, कोण जाणे. कळशी तशीच टाकून ती उठली आणि तांड्याकडे चालू लागली. एवढी भराभर, की मला मागून पळावं लागलं.

नायकांच्या ओट्यासमोर तिने हाक दिली. संध्याकाळची वेळ, माणसं रानातून परतलेली, चुलीवरच्या भाकरी सोडून बायकाही आल्या. सुरुवातीला ती आपल्या बंजारा गोरबोलीत बोलली, मग थांबली.

"बाईला लिवून घ्यायचं हाय, म्हनून मराठीत बोलते. पास झालेलं पाणी पंपाचं न्हाई. झिऱ्याचं हाय. बाटली म्या भरली, झिऱ्यावर बसून, गाळून. सुदामनं न्हाई, नायकानं न्हाई. तांड्याची अब्रू राखायला भरली, आन् माझ्याच नातवाच्या जिवावर बेतलं."

कुणीतरी काही म्हणायला लागलं. नायकांनी हात वर केला.

"अजून हाय. पंपाचं पाणी म्या लेकराला उकळून पाजलं. अर्धं आटवून. आटवल्यानं इख जात न्हाई, दुप्पट होतं. म्या आळस केला असता, कमी उकळलं असतं, तर लेकराला कमी झालं असतं." इथे तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "भिकाबाई, तुझी सून पोटुशी हाय. सोजरा, तुझी बी. त्यास्नी हे पाणी देऊ नका. उकळून बी नको, आटवून तर मुळीच नको. ज्याला पटत न्हाई त्यानं माझ्या लेकराचे ओठ बघून यावं."

माझा अहवाल, माझी लाल नळी, माझी सही, यातल्या कशानेही जे झालं नसतं ते त्या दहा-पंधरा वाक्यांनी झालं. भिकाबाईने त्याच वेळी घरात जाऊन पाण्याने भरलेला हंडा आणला आणि उकिरड्यावर ओतला. नायक मिशी धरून उभे होते. मग म्हणाले, "उद्या दिस उगवायच्या आत पंपाचा दांडा काढा. उकिरडा म्या हलवतो, म्हशी बी. आन् लाल रंग लागू द्या. पोरी न्हाई दिल्या तर न्हाई दिल्या, नातवंडं तर जगतील."

मी साहेबांना फोन केला, उद्यापासून टँकरचं कबूल करून घेतलं. विकासने बाळासाठी जार द्यायचं मान्य केलं. मशीनच्या पाण्यात नायट्रेट राहत नाही, तिथे त्याच्या बेचाळीसचा उपयोग होता. डॉक्टरांना सांगायचं उत्तर माझ्याकडे आलं होतं. माझं काम एवढंच होतं.

निघताना धुरपताबाई गाडीपाशी आली. "बाई, पुजाला फोन लावा. दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आत माझ्या तोंडून कळू द्या."

"उद्या भेटून सांगा, याडी."

"उद्या माझं तोंड उघडल का न्हाई, कुणाला म्हाईत. आता लावा."

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. ती गाडीला टेकून गोरबोलीत बोलत होती. मला शब्द कळत नव्हते, पण उकळणं आणि आटणं हाताने दाखवत होती, जणू पुजा समोरच उभी आहे. मग ती गप्प झाली. पलीकडूनही काही येईना. इतका वेळ, की फोन कट झाला असं वाटून मी हात पुढे केला. तेवढ्यात पुजा काहीतरी बोलली, दोनच वाक्यं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हनली, तुमी जे केलं ते म्या केलं असतं तर तुमी मला घरात ठिवलं नसतं." म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "आन् म्हनली, उद्या न्यायला तुमीच या."

मग फोन मला परत दिला आणि हिंगोलीची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारलं.